टॅबपासून टिंबापर्यंत

संगणकाच्या भाषांचा इतिहास पुष्कळांनी लिहिलाय. फोरट्रान कुणी केली, सी कुठे जन्मली, हे कॉलेजातली मुलंही घडाघडा सांगतात. पण लिहिलेल्या कोडच्या शेकडो फाइली गोळा करून, कंपाइल करून, एकमेकींना जोडून त्यातून चालणारा प्रोग्रॅम काढणारी जी बिल्ड स्क्रिप्ट असते, तिच्याबद्दल विचारा. सगळे गप्प. पुण्यात गेली पंचवीसेक वर्षं मी हेच काम करते. बिल्ड लावायचा, आणि तो फेल झाला की का झाला ते शोधायचं. बिल्ड हिरवा असेपर्यंत माझी कुणाला आठवण होत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती इतकीच, की ही स्क्रिप्ट कुणी वाचत नाही. लिहिणाराही ती घाईत लिहितो, मनात ‘हा काही खरा कोड नाही’ असं म्हणत. ही सवय आजची नाही. या कामाच्या अगदी आरंभापासून ती चालत आली आहे.

मेनफ्रेमच्या काळात हे काम जेसीएलकडे होतं, म्हणजे जॉब कंट्रोल लँग्वेजकडे. आयबीएमच्या सिस्टिम ३६० बरोबर १९६० च्या दशकात ती आली. आधी कोणता प्रोग्रॅम चालवायचा, फाइल कुठून घ्यायची, एक पायरी फसली तर पुढची करायची की गाळायची, हे सगळं कार्डांवर पंच करून द्यायचं. सिस्टिम ३६० च्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम ज्यांच्या हाताखाली झालं त्या फ्रेड ब्रुक्स यांनीच पुढे जेसीएलला सर्वांत वाईट प्रोग्रॅमिंग भाषा ठरवलं. कारणही त्यांनीच दिलं. ती बनवताना आपण एक भाषा बनवतोय हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं; चार कंट्रोल कार्डं लागतील, एवढाच हिशोब होता. तिच्यातली अट तर उलटीच. ‘कॉन्ड’मध्ये ‘४, एलटी’ लिहिलं की अर्थ व्हायचा : आधीच्या पायरीने परत दिलेल्या आकड्यापेक्षा चार लहान असेल तर ही पायरी करू नका. पायरी कधी करायची ते नाही, कधी करायची नाही ते सांगायचं!

मला काम शिकवणारे सर मुंबईत मेनफ्रेमवर वाढलेले. ते एका स्वल्पविरामाची गोष्ट सांगत. जेसीएलच्या ओळीत स्वल्पविरामानंतर चुकून मोकळी जागा सुटली, तर तिच्यापुढचा सगळा मजकूर शेरा समजून सोडून दिला जायचा आणि ओळ पुढच्या कार्डावर चालू आहे असं धरलं जायचं. पुढच्या कार्डावर अर्थातच दुसरंच काहीतरी. मग तक्रार यायची ‘एक्स्पेक्टेड कंटिन्युएशन नॉट रिसीव्ड’. माणूस पुढचं कार्ड उलटसुलट करून बघत बसायचा आणि चूक आदल्या कार्डावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सर त्यामुळे कुठलाही लॉग कायम वरून वाचत. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ‘सर, इथे फेल झालंय’ म्हणणाऱ्याला ते न बोलता वर सरकायला लावत.

आता बेल लॅब्ज. न्यू जर्सीतलं मरे हिल, साल १९७६. युनिक्स वयाने लहान होतं आणि ते वापरणारी माणसं एकाच मजल्यावर बसत. त्यातले स्टीव्ह जॉन्सन, ‘याक’ या गाजलेल्या साधनाचे कर्ते, एके दिवशी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत वैतागून शिरले. सकाळभर ते एका प्रोग्रॅममधला बग शोधत होते आणि प्रोग्रॅम बरोबर होता. बग त्यांनी आधीच दुरुस्त केला होता. फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती, त्यामुळे जुनाच तुकडा जोडला जात होता. फेल्डमन यांनी आदल्या संध्याकाळी नेमकं हेच भोगलं होतं. त्याच शनिवार-रविवारी त्यांनी ‘मेक’ लिहिला.

त्याची कल्पना दोन ओळींत सांगता येते. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते मेकफाइलमध्ये लिहायचं आणि खाली ती बनवण्याचा हुकूम द्यायचा. मेक दोन्ही फाइलींच्या वेळा बघतो. मूळ फाइल नवी आणि बनवलेली जुनी असेल, तर हुकूम चालवतो. नाहीतर हात लावत नाही. बस्स. २००३ साली संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम या संस्थेने याच कामासाठी फेल्डमन यांना सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार दिला. मला विचाराल तर तो फार उशिरा दिला.

पण टॅब. मेकफाइलमध्ये हुकुमाची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. आठ स्पेस चालत नाहीत, एकही स्पेस चालत नाही. दोन्ही पडद्यावर अगदी सारख्याच दिसतात. फेल्डमन यांनी हे ठरवून केलं नव्हतं. ओळी ओळखण्यासाठी ‘लेक्स’ हे तेव्हा अगदी ताजं असलेलं साधन वापरून बघावं म्हणून ते बसले, त्यात अडकले, आणि शेवटी ‘नवी ओळ, मग टॅब’ असा सोपा नमुना लावून मोकळे झाले. चाललं, राहिलं. काही आठवड्यांनी चूक लक्षात आली तेव्हा वापरणारे डझनभर झाले होते, बहुतेक मित्रच. त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून त्यांनी टॅबला हात लावला नाही. डझनभर मित्रांची गैरसोय टळली आणि पुढच्या पन्नास वर्षांतल्या लाखो अनोळखी लोकांच्या माथी टॅब बसला.

आज ग्नू मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबतो आणि जमलं तर विचारतो, की बाबा, आठ स्पेसऐवजी टॅब म्हणायचं होतं का? म्हणजे चूक काय असणार हे त्यालाही ठाऊक असतं, तरी नियम तो नियम. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात ‘कॅट’ला ‘उणे ए’ लावून मेकफाइल बघायला शिकवते. मग टॅबच्या जागी छपराची खूण आणि कॅपिटल आय दिसतं, ओळीच्या शेवटी डॉलर. विंडोजवरून आलेल्या फाइलीत डॉलरच्या आधी छप्पर आणि कॅपिटल एम. ही एमवाली मंडळी आणखी दगाबाज. टेलिटाइपच्या काळी ओळ संपली की छपाईचं डोकं डावीकडे न्यायचं आणि कागद वर सरकवायचा, ही दोन वेगळी कामं होती. डॉसने दोन्ही खुणा ठेवल्या, युनिक्सने एक. त्यामुळे विंडोजवर जतन केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर चालवली की उत्तर येतं ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर समोर दिसतेय! गायब असतो तो पहिल्या ओळीतला शेल, कारण त्याच्या नावाला न दिसणारी एमची शेपटी चिकटलेली असते आणि त्या नावाचा प्रोग्रॅम जगात कुठेच नसतो. त्यापायी फाइलींच्या परवानग्या बदलत बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

मेकचा सगळा भरवसा घड्याळावर, हे १९७६ साली ठीकच होतं. यंत्र एक, घड्याळ एक. १९८४ मध्ये सन कंपनीने एनएफएस आणलं आणि फाइली दुसऱ्याच यंत्रावर राहायला गेल्या. मी नोकरीला लागले तेव्हा आमची मूळ फाइल सर्व्हरवर आणि बनवलेले तुकडे आपापल्या यंत्रावर, अशी वाटणी होती. सर्व्हरचं घड्याळ चार मिनिटं मागे. दहा वाजून तीन मिनिटांनी तुकडा बनवला, पाचव्या मिनिटाला मूळ फाइलीत दुरुस्ती करून जतन केली. सर्व्हरने तिच्यावर दहा वाजून एक मिनिटाचा शिक्का मारला. मेक म्हणाला, तुकडा नवा आहे, काही करायला नको. दुरुस्ती फाइलीत आहे, प्रोग्रॅममध्ये नाही. स्टीव्ह जॉन्सन यांची ती सकाळ टाळण्यासाठी जे साधन जन्मलं, त्यानेच ती पुन्हा आणून दाखवली. आणि एरर? काहीच नाही, बिल्ड हिरवा. ग्नू मेकला फाइलीची वेळ भविष्यातली दिसली तर तो ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असा इशारा देतो, बिल्ड अपुरा असू शकेल म्हणतो. वेळ मागची असेल तर बिचाऱ्याला कळायला मार्गच नाही. शेवटी सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने जुळवून घेतली तेव्हा कुठे भूत उतरलं. तोवर ऑफिसात उपाय ठरलेला होता : शंका आली की ‘मेक क्लीन’ करा आणि पहिल्यापासून सगळं बनवा. मेक का लिहिला गेला होता, हे विसरूनच.

प्रोजेक्ट मोठे झाले तसं प्रत्येक फोल्डरला वेगळी मेकफाइल आणि वरची मेकफाइल खालच्यांना हाक मारणार, अशी पद्धत पडली. ऑस्ट्रेलियातल्या पीटर मिलर यांनी १९९८ मध्ये या पद्धतीवर एक निबंध लिहिला आणि ती घातक असल्याचं शीर्षकातच सांगून टाकलं. त्यांचा मुद्दा असा, की मेकला सगळी अवलंबनं एकत्र दिसली तरच तो योग्य क्रम लावू शकतो. तुम्ही त्याच्या पुढ्यात तुकडे टाकता, मग क्रम चुकतो, मग लोक मेक दोनदा चालवतात. खरंय. ‘एकदा फेल झाला तर पुन्हा चालवा, होतो’ असं लिहिलेला कागद मी एका टीमच्या फळ्यावर टाचलेला पाहिला आहे. बाबा वाक्यं प्रमाणम्.

मेकपेक्षा मोठा गुंता वेगळ्याच बाजूने आला. १९८० च्या दशकात युनिक्स एक राहिलं नव्हतं. प्रत्येक कंपनीचं वेगळं, हेडर फाइली वेगळ्या, फंक्शनांची नावं वेगळी. लॅरी वॉल यांनी ‘आरएन’ या आपल्या प्रोग्रॅमबरोबर एक स्क्रिप्ट दिली, ती माणसालाच प्रश्न विचारून यंत्राची माहिती काढायची. १९९१ मध्ये ग्नूसाठी काम करणाऱ्या डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहिलं आणि माणसाला विचारणं बंद केलं. त्याची युक्ती मला आजही आवडते. या यंत्रावर अमुक फंक्शन आहे का? चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिहा, कंपाइल करून बघा. झाला तर आहे, नाही झाला तर नाही. कुणाच्या शब्दावर जायला नको, कागदपत्रं शोधायला नकोत.

मात्र इथे एक मोठी गोष्ट बदलली. तोवर कंपाइल न होणं म्हणजे काहीतरी बिघडलं असा अर्थ होता. आता ते एक साधं उत्तर झालं : ‘नाही.’ कॉन्फिग डॉट लॉग उघडा. शेकडो एरर असतात आणि त्यातल्या एक सोडून बाकी सगळ्या निरोगी असतात. ती एक कुठली, हे ओळखणं म्हणजे माझी नोकरी. ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ ही या घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध तक्रार. ती वाचून आमच्याकडच्या एका मुलाने दुपारभर कंपायलर काढून पुन्हा बसवला, मग दुसऱ्या आवृत्तीचा बसवला. लॉगमध्ये खरं कारण उघड होतं. सकाळी दुसऱ्या प्रोजेक्टसाठी ‘एलडीफ्लॅग्ज’मध्ये एका लायब्ररीचं नाव घातलेलं तसंच राहिलं होतं, ती लायब्ररी त्या यंत्रावर नव्हती, त्यामुळे चाचणीचा चार ओळींचा प्रोग्रॅम जोडलाच जात नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

हे सगळं जुळवायला जी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार होते ती माणसाने लिहिलेलीच नसते. कर्निघन आणि रिची यांच्या १९७७ च्या ‘एमफोर’ या भाषेतले छोटे तुकडे विस्तारून तिच्या वीस-पंचवीस हजार ओळी सहज होतात. कुणी वाचायच्या त्या? रोगापेक्षा इलाज भयंकर, असं म्हणणारे तेव्हाही होते. जावावाल्यांनी वेगळी चूल मांडली. जेम्स डंकन डेव्हिडसन यांना मेकफाइलमधल्या टॅबचा इतका उबग आला, की त्यांनी ‘अँट’ लिहिलं, आणि त्यात टॅबऐवजी एक्सएमएलचे कोन-कंस आणले. २००० पासून आम्ही ते कंस मोजतोय. सीमेक आलं, मेवन आलं, सनमधल्या कोहसुके कावागुची यांनी हडसन लिहिलं, २०११ मध्ये त्याचं जेनकिन्स झालं. बिल्ड रात्री आपोआप चालू लागले आणि फेल झाल्याची मेल सकाळी सगळ्यांना मिळू लागली. म्हणजे तीन ओळी वाचून ‘बिल्डवाल्या मॅडमना विचारा’ म्हणायची सोय झाली.

मग दुसऱ्याच्या कोडवर उभं राहण्याचं युग आलं. २२ मार्च २०१६ रोजी अझर कोचुलू या प्रोग्रॅमरने एका नावाच्या वादातून आपली २७३ पॅकेजेस एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातून काढून घेतली. त्यात अकरा ओळींचं ‘लेफ्ट-पॅड’ होतं. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणं, एवढंच त्याचं काम. जगभरचे बिल्ड ‘४०४’ म्हणत कोसळले, कारण बेबलसारखी बडी साधनं कुठून तरी फिरून त्या अकरा ओळींवर टेकली होती. पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटलेली. एनपीएमने काही तासांत ते पॅकेज परत आणलं. सकाळी आमच्याकडे रात्रीचा बिल्ड लाल होता आणि कुणी काही न बदलता दुसऱ्यांदा चालवल्यावर हिरवा झाला. फळ्यावरचा तो कागद खरा ठरला, हे मला अजून खुपतं.

आता २०२४. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन; जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं फावल्या वेळात सांभाळत होते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं मदत करून त्यांचा विश्वास कमावला आणि फेब्रुवारीत ५.६.० ही आवृत्ती काढली. मूळ कोड चाळणाऱ्याला काही सापडलं नसतं. खोट होती बिल्डमध्ये. वाटायला ठेवलेल्या गठ्ठ्यात एमफोरची एक फाइल होती, ‘बिल्ड टू होस्ट’ नावाची. ती गिटमधल्या कोडमध्ये नव्हती, आणि नसणं संशयास्पदही नव्हतं, कारण अशा फाइली गठ्ठा बांधतानाच येतात. कॉन्फिगर चालू झालं की ती चाचणीसाठी ठेवलेली एक मुद्दाम बिघडवलेली फाइल उचलायची आणि त्यातली काही अक्षरं अदलाबदल करून दुरुस्त करायची : टॅबच्या जागी स्पेस, स्पेसच्या जागी टॅब, हायफनच्या जागी अंडरस्कोअर आणि उलट. त्यातून एक स्क्रिप्ट निघायची, ती पुढे मेकफाइलमध्येच फेरफार करायची, आणि लायब्ररी जोडताना एक तयार तुकडा आत सरकवला जायचा. हेही फक्त ६४ बिटच्या इंटेल-एएमडी लिनक्सवर, तेही डेबियन किंवा आरपीएमचं पॅकेज बनत असेल तरच. बाकीच्यांकडे निमूट, स्वच्छ बिल्ड. काही लिनक्समध्ये हीच लायब्ररी आडवाटेने, दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचच्या सर्व्हरमध्ये लोड होते. किल्ली ज्याच्याकडे त्याला दार उघडं.

पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेसचे डेव्हलपर, डेटाबेसचा वेग मोजत होते. एसएसएचने लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या धाग्यावरून ते मागे गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळं जाहीर केलं. लॉग वरून वाचणारा माणूस, दुसरं काय म्हणणार.

त्या प्रकरणातली मला सर्वांत जास्त झोंबलेली गोष्ट मात्र मागच्या दारापेक्षा लहान आहे. ‘जिया टॅन’च्याच हाताने फेब्रुवारीच्या अखेरीस सीमेकच्या स्क्रिप्टमधली एक तपासणी ‘दुरुस्त’ केली होती. लिनक्समध्ये ‘लँडलॉक’ नावाचं कुंपण असतं. ते असेल तर एक्सझेडने त्यात राहून काम करावं. ते आहे का, हे बघायला तोच ऑटोकॉन्फचा जुना मार्ग : चार ओळींचा सी प्रोग्रॅम कंपाइल करून बघायचा. त्या प्रोग्रॅममध्ये, हेडरच्या ओळींखाली, फंक्शनच्या वर, ओळीच्या अगदी सुरुवातीला एकच टिंब होतं. एक पूर्णविराम. सी भाषेत तिथे त्याला काही अर्थ नाही, त्यामुळे प्रोग्रॅम कोणत्याही यंत्रावर कंपाइल होणं शक्यच नव्हतं. स्क्रिप्टने त्याचा अर्थ नेहमीसारखा लावला : ‘या यंत्रावर लँडलॉक नाही.’ कुंपण गेलं. एरर नाही, इशारा नाही, बिल्ड हिरवा. बहुतेक लिनक्सवाले एक्सझेड सीमेकने बनवत नाहीत म्हणून प्रत्यक्ष झळ थोडी बसली, इतकंच. ते टिंब सर्वांसमोर, उघड्या कोडमध्ये होतं, आणि बदलाच्या वर्णनात लिहिलं होतं की लँडलॉकची तपासणी नीट केली आहे. लासे कॉलिन यांनी ३० मार्चला ते काढलं.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती टीममधल्या प्रत्येकाला मी करते. रिव्ह्यूला आलेल्या बदलात मेकफाइल, सीमेकलिस्ट्स, ग्रेडल किंवा जेनकिन्सची फाइल असेल तर ती शेवटी चाळू नका, सर्वांत आधी उघडा. आणि एखाद्या तपासणीचं उत्तर ‘नाही’ आलं तर ते का आलं, हे लॉगमध्ये स्वतः बघा.